सातचं जेवण

शकुबाईंचं रात्रीचं जेवण पुण्याच्या घड्याळावर चालायचं. कळंबजवळचं त्यांचं गाव घोरायला लागलं की तिकडे पुण्यात लेकाला, अमरला रात्रपाळीत जेवणाची सुटी मिळायची. मग फोन तांब्याला टेकवून मायलेक समोरासमोर जेवायचे. लेकानं पहिला घास घेतल्याशिवाय आपण घ्यायचा नाही, हा शकुबाईंचा हट्ट. नवरा गेल्यापासून घरात बोलणारं तेवढंच माणूस होतं, तेही काचेमागचं.

पण हातातलं बळ चाललं होतं. पाण्याचा भरला गुंड उचलेना, पोट मात्र सुटलेलं. गुडघ्यांसाठी बाजारातल्या एका माणसाकडच्या पांढऱ्या गोळ्या वर्षभर चालू होत्या. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी त्या पाहून कपाळाला हात लावला.

“आजी, अंगातलं मांस टिकवणारं एक हार्मोन असते. वयानं ते कमी होतेच. त्यात या स्टेरॉइडच्या गोळ्या, उशिराचं जेवण, अर्धी झोप. कसं राहीन बळ? गोळ्या एकदम सोडू नका, मी सांगते तशा कमी करू. रोज चाला, डाळ-अंडी खा. सातला जेवा, नऊला झोपा. गाढ झोपेतच ते जास्त तयार होते.”

गोळ्यांचं काय, त्या सुटल्या असत्या. सातला जेवायचं म्हणजे अमरला सोडायचं. शकुबाईंनी बरेच दिवस चालढकल केली. शेवटी जेवताजेवता चाचरत म्हणाल्या, “बापा, डॉक्टरीण म्हणते लवकर जेवत जा. तुले वाईट वाटन काय?”

“वाईट कायले वाटन, आई? मी तं आठलेच जेवून घेतो. तू उपाशी राहशीन म्हणून दोन घास घेऊन बसत होतो.” सुंठीवाचून खोकला गेल्यासारखा त्याचा आवाज मोकळा झाला. “आता रविवारी बोलत जाऊ.”

“हो, तेच बरं,” शकुबाई हसून म्हणाल्या. हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं नि मुंगीच्या पावलानं जातं. पऱ्हाटीला कापूस फुटायला लागला तेव्हा एका संध्याकाळी भरलेला गुंड एका झटक्यात ओट्यावर चढला. शकुबाईंना हरखून कुणाला तरी सांगावंसं वाटलं. अंगणात कुणी नव्हतं, वार मंगळवार होता.

त्यांनी ताट वाढलं. फोन तांब्याला टेकवला. “पाह्य अमर, मीनं एकटीनं उचलला,” त्या काळ्या काचेला म्हणाल्या.

आणि सवयीनं, त्यानं पहिला घास घ्यायची वाट पाहत बसल्या.