कळ थांबली तेव्हा

वीरप्पाकाका आपला तांब्या मागायला आले, तेव्हा माझ्या आईला, अव्वाला, जाऊन तेरा दिवस झाले होते.

"महानंदा, माझा तांब्या तुमच्यातच ऱ्हायला बघ. दे लवकर. गुंडाप्पाच्या सुनंची बेंबी सरकलीया."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे, अप्पांचे, चुलतभाऊ. पोट दुखलं की बेंबी सरकली, एवढं एकच निदान आमच्या मुरुम गावात होतं, आणि ते करायचा मान काकांचा. आधी एरंडेल पाजायचं, पोट चोळायचं, मग बेंबीवर पेटती पणती ठेवून तांब्या उपडा घालायचा. तो पोटाला घट्ट चिकटला की काका भोवतालच्यांकडं बघून मान हलवत.

अव्वाचं पोट सोमवारी बेंबीभोवती दुखू लागलं. मंगळवारी सकाळी कळ उजवीकडं खाली उतरली आणि ओकाऱ्या लागल्या. मी अप्पांना म्हणाले, "गाडी जुंपा. येणेगूरला सोलापूरची मोटार मिळेल."

"चार बुकं वाचली म्हणून आमच्या पोरीला बेंबी दिसंना झाली," काका हसले. अप्पाही हसले. बैल जुंपलेले होते, तरी गाडी दारातच उभी राहिली.

काकांनी तांब्या लावला. अव्वानं पदराचा बोळा तोंडात धरला होता. दुपारी कळ एकाएकी थांबली. "हलकं वाटतंय गं," अव्वा म्हणाली. अप्पांनी बैल सोडले. काकांना शेंगाची पोळी वाढली. त्यांनी दोन खाल्ल्या, वर तूप मागून घेतलं. अशी अचानक थांबलेली कळ वाईट, असं मी एका जाड वैद्यकीच्या पुस्तकात वाचलं होतं. पण अव्वा हसत होती. मीही पोळी खाल्ली.

बुधवारी सकाळी तिचं पोट लाकडाच्या पाटासारखं ताठ झालं होतं. गुडघे पोटाशी घेऊन ती निपचित पडली होती; खोकला आला तरी दाबून धरत होती. येणेगूरपर्यंत गाडीचं चाक चाकोरीतून उसळलं की ती माझं मनगट आवळायची. पुढं हद्दीवर निजामाच्या करोडगिरी नाक्यावर जकातीचा माल शोधणाऱ्या शिपायानं मोटार थांबवून तिच्या अंगाखालची वाकळसुद्धा उचलून बघितली.

सोलापूरच्या डॉक्टरांनी तिच्या पोटावर बोटं हळूच दाबली आणि झटकन उचलली. दाबताना ती कण्हली होती. उचलताना ओरडली.

"आतड्याचं शेपूट सुजून फुटलंय," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "पोटाला आतून पातळ अस्तर असतं. त्यात सगळीकडं पू पसरलाय. कळ मधे थांबली होती का?"

"काल दुपारी."

"तेव्हाच फुटलं. त्याआधी आणलं असतं तर नुसतं शेपूट कापून काढलं असतं. जुलाबाचं काही दिलं होतं?"

मी सांगितलं. "अशा दुखण्यात जुलाबानं शेपूट लवकर फुटतं," चष्मा पुसत ते म्हणाले. पोट उघडलं, पू काढला, नळी ठेवली. शुक्रवारी अव्वा गेली.

आता काका दारात हात पुढं करून उभे होते.

"तांब्या मिळणार नाही," मी म्हणाले.

"डोकं फिरलं काय तुझं? त्या दिवशी माझ्याच हातानं आराम पडला व्हता तिला. तू बी बघितलंस. पुढं शिवाची मर्जी."

"आराम पडला नव्हता, काका. तुम्ही पोळी खात होता तेव्हा तिच्या पोटात पू पसरत होता."

ओसरीवर अप्पा होते. त्यांनी मान वर केली नाही. काकांचा चेहरा क्षणभर पडला, मग पूर्वीसारखा झाला. "तांब्याला काय, दुसरा मिळंल," म्हणत ते वळले.

मिळणारच होता. मुरुमात घरोघरी तांबे. मी वहाणा घातल्या आणि त्यांच्या पुढं निघाले.

गुंडाप्पांची सून शिवगंगा गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. "कुठं दुखतंय?" मी विचारलं. तिनं बेंबीवरून हात उजवीकडं खाली नेला.

"गाडी जुंपा," मी गुंडाप्पांना म्हणाले. "एरंडेल देऊ नका. पोट चोळू नका."

"काका येतायत की. त्यांचा हात लागू दे, मग बघू."

"माझ्या अव्वाला लागला होता."

 गुंडाप्पा गोठ्याकडं गेले. दारात काका पोचले तेव्हा बैल जुंपून झाले होते. मी गाडीत वाकळा अंथरल्या आणि काकांना ऐकू जाईल अशा आवाजात गुंडाप्पांना सांगितलं, "वाटेत हिची कळ थांबली, तर माघारी फिरू नका. बैल आणखी जोरात हाका."