अर्ध्या पिक्चरची सीडी

मी अर्ध्या पिक्चरची सीडी बोलतेय. सध्या मुक्काम औंढे, अंबूबाईंचं भाताचं खाचर. बांबूच्या टोकाला नायलॉनच्या दोरीने टांगलेली आहे. वारा आला की गरगरते, ऊन असलं की चमकते. पाखरं मला घाबरतात असं अंबूबाई म्हणतात. एक साळुंकी घाबरत नाही. ती बांबूवर बसून खाली माझ्याकडे बघत राहते. तिची तक्रार मी अजून कुणाकडे केलेली नाही.

माझा जन्म कुठल्यातरी कारखान्यात झाला. त्यातलं काही आठवत नाही, पण जन्माचं कुणालाच आठवत नाही. आम्ही जुळ्या बहिणी. पिक्चर मोठा, एका सीडीत मावेना, म्हणून अर्धा माझ्यात भरला आणि अर्धा तिच्यात. माझ्या तोंडावर एकचा आकडा, तिच्या तोंडावर दोनचा.

आमचा जीव पाठीत असतो. पुढचं चित्र नुसतं दिसायला. पाठीवर ओरखडा उठला की आतली माणसं तोतरी बोलायला लागतात, नाहीतर मधेच थिजून उभी राहतात. त्यामुळे आम्ही जन्मापासून काळजीवाल्या. बोट दिसलं की धास्ती, खिळा दिसला की धास्ती, आणि लहान मूल दिसलं तर विचारूच नका.

आणि आम्हाला घेतलं होतं लहान मुलासाठीच.

ते मुंबईचं कुटुंब लोणावळा बघायला आलं आणि अब्दुलभाईंच्या जीपमध्ये बसलं. अब्दुलभाई औंढ्याचे, पर्यटकांना पॉइंट दाखवायचा त्यांचा धंदा. त्या कुटुंबातल्या मुलाकडे मांडीवर ठेवायचा छोटा प्लेअर होता. दरी दाखवायला आणलेला मुलगा दरीकडे पाठ करून पिक्चर बघत होता. माझा भाग संपला तसं त्याने मला काढून डबीत ठेवलं आणि बहिणीला आत घातलं. तेवढ्यात स्टेशन आलं. त्यांनी प्लेअर नेला, चिक्कीच्या पिशव्या नेल्या, डबी सीटवर राहिली. बहीण फिरत फिरतच गेली. आमचं बोलणंही झालं नाही.

अब्दुलभाईंनी डबी पुढच्या काचेजवळ ठेवली. म्हणाले, "परत आले की देऊन टाकू." एकदा लोणावळा बघून गेलेला माणूस परत त्याच जीपमध्ये येऊन बसतो, असं त्यांना का वाटलं माहीत नाही. सगळा पावसाळा मी तिथे पडून होते. मका खाल्लेल्या हातांनी किती जणांनी मला उचललं, ते सांगत नाही. दिवाळी झाल्यावर त्यांनी मला घरी आणलं.

घरात त्यांची बायको सुमय्या, मुलगी मेहमुदा आणि तिच्याहून धाकटा जावेद. मेहमुदा तेव्हा दुसरीत होती. तिने मला दोन्ही बाजूंनी कडेला धरलं, मधे बोट लावलं नाही. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

माझ्यातला पिक्चर कार्टूनचा. एका डोंगरावर एक मुलगी आणि तिची आई राहत असतात. डोंगरावरचं पाणी आटतं. ढगांचा एक मालक असतो, लठ्ठ, मिशीवाला. तो आईला पंख उसने देतो. म्हणतो, ढगाच्या पलीकडून पाणी आण, पण ऊन असेपर्यंतच परत ये. उशीर केलास तर पंख अंगाला चिकटतील, तू पाखरू होशील आणि घर विसरशील. आई उडून जाते. मुलगी घराच्या छपरावर चढते आणि पितळेचं ताट उन्हात धरते, आईला वरून चमक दिसावी, घर सापडावं म्हणून. ऊन कलतं. आभाळात एक ठिपका दिसतो. तो आई आहे की नुसतं पाखरू, हे कळायच्या आत पाटी येते : आता दुसरी सीडी लावा.

एवढीच मी.

पाटी आली की जावेद रडायचा. मग मेहमुदा त्याला पुढचं सांगायची. पुढचं रोज वेगळं असायचं. जावेदने तिचं ऐकलेलं असलं तर आई लगेच यायची, पाणी आणायची, वर जिलेबी आणायची. त्याने तिची पेन्सिल घेतली असली तर आई ढगात अडकायची. एकदा त्याने मला चाक करून अंगणात पळवलं. त्या दिवशी आई आलीच नाही. जावेदने गुपचूप हंडा भरून आणला, तेव्हा कुठे आई आली.

अंगणातल्या त्या दिवसापासून माझ्यात ढगांचा मालक हसायला लागला की हसतच राहतो. प्लेअरवर एक थाप मारली की पुढे सरकतो.

पुढे मेहमुदा सातवी झाली. पुढची शाळा लांब होती, ती घरीच राहिली. मग लग्न होऊन सुदुंबऱ्याला गेली. घरोघरी मोबाइल आले. प्लेअर माळ्यावर गेला आणि मी ट्रंकेत, जुन्या कपड्यांच्या घडीत. तिथे खिळा नव्हता, बोट नव्हतं, मूल नव्हतं. ज्याची म्हणून मला भीती वाटते त्यातलं काहीच नव्हतं. मला करमलं नाही.

यंदा भातात दाणे भरायला लागले तेव्हा मेहमुदा दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळाला लंगोट, दुपटी लागतात, आणि ती जुन्या मऊ कापडाचीच लागतात, म्हणून सुमय्याने ट्रंक उघडली. घडी झटकली तशी मी खाली पडले. मला एका लहान मुलीने उचललं, बरोबर मधे बोट लावून. ही मेहमुदाची रुमाईसा, पाच वर्षांची.

"मम्मी, हा आरसा मला?"

"आरसा न्हाई त्यो. पिक्चर हाय त्यात."

रुमाईसाने मला डोळ्याला लावून बघितलं. "दिसत न्हाई."

मेहमुदाने मला हातात घेतलं, कडेने. मी तिला लगेच ओळखलं. फक्त आता तीसुद्धा काळजीवाली झाली होती. गॅस बंद केल्यावर परत जाऊन बघायची. रुमाईसाच्या कपाळाला हात लावायची, ताप नसायचा, मग ताप कसा नाही म्हणून परत लावायची. रुमाईसाच्या वेळी तिचं फार रक्त गेलं होतं. या खेपेला ऑपरेशन करावं लागेल, असं लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं. तारीख दिली होती. त्या तारखेबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं. सगळे लंगोटांबद्दल बोलत होते.

जावेद आता अब्बांची जीप चालवतो. त्याने माळ्यावरून प्लेअर काढला, फुंकर मारली, मला आत घातलं. मी फिरले. इतक्या वर्षांनी फिरताना गरगरल्यासारखं झालं, पण चित्र आलं. ढगांचा मालक हसायला लागला तशी जावेदने न बघता थाप मारली. हात विसरला नव्हता.

मेहमुदा लहानपणी त्या मुलीकडे बघायची. आता ती आईकडे बघत होती.

"एवढीशी पोर घरात एकटी टाकून गेली," ती म्हणाली. "शेजारी कुणी न्हवतं का ठेवायला?"

"कार्टून हाय, आपा," जावेद म्हणाला.

"आन् छपराला कठडा न्हाई. पडली म्हंजी?"

"इतक्या वर्सांत पडली न्हाई. आता काय पडती."

मग ताट चमकलं, ठिपका आला, पाटी आली. रुमाईसा आईकडे वळली.

"आली का तिची मम्मी?"

जिने जावेदला डझनांनी शेवट सांगितले, तिला एक सांगता येईना.

"आली ना."

"कवा?"

"दुसऱ्या सीडीत."

"ती कुटंय?"

जावेदने खिशातून मोबाइल काढला. "आपा, नाव टाकलं की अख्खा पिक्चर येतो यात. बघून टाकू."

"नको."

"का?"

"न्हाई आली तर?"

"अगं, पिक्चर हाय."

"म्हाईत हाय मला."

जावेदने मोबाइल खिशात ठेवला. सुमय्याने घडी केलेलं दुपटं उलगडलं आणि परत त्याची घडी केली.

तेवढ्यात शेजारच्या अंबूबाई आल्या. त्यांचं भाताचं खाचर घराला लागूनच. मला बघून म्हणाल्या, "मेहमुदा, ही चकती मला दे की. पाखरं लय पडत्यात भातावर."

"न्हाई देणार," रुमाईसा म्हणाली.

"ऱ्हाऊ दे बाई. पाखरं जेवढं खातील तेवढा तांदूळ तुज्या लग्नात कमी वाढीन."

तारखेच्या दिवशी सकाळी जीप दारात उभी राहिली. सुमय्या बरोबर जाणार होती. रुमाईसा नानाजवळ, म्हणजे अब्दुलभाईंजवळ राहणार होती. जीपमध्ये बसेपर्यंत मेहमुदाचं सांगणं चालू होतं.

"अब्बा, तिला शेंगदाणे दिऊ नका, घशात अडाकत्यात. हिरीकडं जाऊ दिऊ नका. छपराची शिडी आडवी करून ठेवा."

"तू बी माझ्याच हाताखाली वाढलीस," अब्दुलभाई म्हणाले.

"म्हणूनच सांगतीय."

मग ती रुमाईसाला म्हणाली, "मी जाते आन् येते."

रुमाईसाच्या हातात मी होते. ती म्हणाली, "पंख लावू नको."

"न्हाई लावत."

जीप गेली. संध्याकाळी जावेद एकटाच परत आला. भाऊ झाला म्हणून त्याने रुमाईसाच्या हातावर पेढा ठेवला. बाळाचं नाव अरहम ठेवायचं ठरलंय म्हणाला. मग तो अब्बांशी हळू बोलला. मी खिडकीत होते, मला ऐकू आलं. रक्त थांबत नव्हतं. बाटल्या लावल्यात. रुमाईसाचे अब्बा सुदुंबऱ्याहून कंपनीची शिफ्ट टाकून आलेत, तेही रक्त देतायत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबा, बघू.

अब्दुलभाई नमाजला बसले ते लवकर उठले नाहीत.

रुमाईसाने पेढा खाल्ला नव्हता. खिडकीशी फक्त मीच होते असं नाही, तीही होती.

दुसऱ्या दिवशी ऊन आल्यावर ती मला घेऊन बाहेर आली. छपरावर चढायचं नाही असं मम्मीने बजावलं होतं, म्हणून ती कपडे धुवायच्या दगडावर उभी राहिली. दोन्ही हात वर केले आणि मला उन्हात धरलं. चित्राच्या बाजूने चमक पडेना. मग तिने मला उलटं केलं.

जीव पाठीत असतो हे मी सांगितलंच आहे. उन्हाने तो करपतो. बोटंही सगळी तिथेच होती. तरी मी चमकले.

माझा कवडसा रस्त्यावर गेला, वडाच्या झाडावर गेला, अंबूबाईंच्या भातावर गेला. भातातली पाखरं भर्रकन उठली.

अंबूबाई बांधावरून म्हणाल्या, "काय गं, माजं ऐकलंस व्हय शेवटी?"

"पाखरांसाठी न्हाई. मम्मीला घर दिसाय पायजे."

अंबूबाईंनी हातातला विळा खाली ठेवला. दुपारी भाकरी आणि कालवण घेऊन आल्या, रुमाईसाला आणि अब्दुलभाईंना समोर बसून खायला लावलं. दुसऱ्या दिवशीही रुमाईसा दगडावर उभी. तिसऱ्या दिवशी तिचे हात सारखे खाली यायला लागले. तेव्हा अंबूबाई एक उंच बांबू घेऊन आल्या.

"आण हिकडं. ह्याला बांधू. तुज्यापरास उच्ची होईल."

"मम्मीला दिसल?"

"लोनावळ्यापातर दिसल."

"खरं?"

"माज्या सासऱ्याच्या हातचा बांबू हाय. त्यो लबाड बोलायचा न्हाई."

अशी मी खाचरात आले. माझ्या मधल्या भोकाचा एवढा उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता.

त्यानंतर रुमाईसा रोज बांबूखाली येऊन बसायची. जावेद मामू रोज जायचा, रोज एकटा यायचा. विचारलं की म्हणायचा, "उद्या." वरून मला सगळा रस्ता दिसायचा. मी प्रत्येक जीपवर चमकत होते. काही ड्रायव्हरांनी शिव्या दिल्या.

मग एका दिवशी ऊन कलताना वळणावर एक जीप दिसली. ठिपक्याएवढी. पर्यटकांची असेल, म्हटलं. मी फिरले, चमक थेट काचेवर गेली. जीप थांबली. जावेदने बाहेर डोकं काढून डोळ्यांवर हात धरला आणि परत चालू केली.

मेहमुदा सुमय्याच्या आधाराने उतरली. पिवळी पडली होती. सुमय्याच्या हातात ट्रंकेतल्या दुपट्यात गुंडाळलेलं बाळ होतं. मेहमुदाने आधी बाळाकडे बघितलं नाही, अब्बांकडे नाही. वर माझ्याकडे बघितलं, मग खाली लोंबणाऱ्या दोरीकडे.

"ही दोरी पोरीच्या गळ्याएवढ्या उंचीवर कुनी सोडलीय?"

अब्दुलभाईंनी दोरी आखडून वर बांधली. बांधताना ते हसत होते आणि नाक ओढत होते.

मेहमुदा बांधावर टेकली. रुमाईसा तिच्याजवळ गेली, पण पुढून नाही. मागे जाऊन तिने आईची पाठ चाचपली, दोन्ही खांद्यांखाली, ओढणी बाजूला करून.

"काय बघतीस?"

"पंख."

"न्हाई लावले."

"थोडे बी न्हाई?"

मेहमुदाने ओढणी सारखी केली. "थोडे लावायला लागले," ती म्हणाली. "काढून ठिवून आले."

रुमाईसाने अजून एकदा हात फिरवून खात्री केली. मग पुढे येऊन बाळ बघितलं. त्याची पाठही बघायची होती तिला, पण सुमय्याने बघू दिली नाही.

रात्री जेवताना जावेदने मोबाइल काढला म्हणे आणि विचारलं, "आपा, आता तरी बघू का शेवट?" मेहमुदा म्हणाली, "नको, पोराला पाजायचंय." हे मला रुमाईसाने सकाळी येऊन सांगितलं.

आता भात कापायला आलंय. कापणी झाली की मला उतरवतील. मेहमुदाने सांगून ठेवलंय की पाळण्याला टांगायचं नाही, कड लागते. माझ्यावरचं चित्र उडालंय, पाठ करपलीय. प्लेअरमध्ये घातलं तर आता ढगांचा मालकसुद्धा दिसायचा नाही. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. तो फार हसायचा.

जाता जाता एक सांगणं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी लोणावळ्याला एक मुलगा दरीकडे पाठ करून बसला होता. आता तो मोठा झाला असेल. माझी बहीण त्याच्याकडे असेल तर त्याने तिला कडेने धरावं आणि सांगावं की तुझी बहीण औंढ्याला आहे, उंचावर आहे, बरी आहे.

पिक्चरचा शेवट मात्र कळवू नये. आमचा बघून झालाय.