विम्याची काठी

“याले लिहू काय? बांबू?”

विम्याचे एजंट नत्थूजी अंगणात उकिडवे बसून त्या लांबलचक पिवळ्या काठीकडे पाहत होते. काठीचं एक टोक तुळशीपाशी होतं आणि दुसरं दारातून थेट स्वयंपाकघरात शिरलं होतं. लहानूची बायको कौशल्या चहा आणताना ती ओलांडून गेली आणि पाय लागला म्हणून काठीला हात लावून नमस्कार करून मोकळी झाली.

“बांबू नाही जी, फायबर हाय,” लहानू घाईघाईनं म्हणाला. “बांबू लिहाल तं कंपनी बांबूचेच पैसे देईन.”

लहानू कॉर्पोरेशनचा चावीवाला. नागपुरात सक्करदऱ्याच्या गल्ल्यांत सकाळ-संध्याकाळ व्हॉल्व फिरवून नळांना पाणी सोडायचं, एवढंच त्याचं काम. पाणी आलं तर कोणी त्याची आठवण काढत नसे आणि नाही आलं तर सगळी आळी त्याच्याच नावानं शंख करी. मधल्या वेळात तो तळ्याजवळच्या मैदानावर बांबू उडी मारायचा. विदर्भात त्याच्याएवढा उंच कोणी जात नव्हता. पण विदर्भाबाहेर बांबूचे दिवस केव्हाच संपले होते. तिकडची पोरं फायबरच्या काठीवर उडत. ती काठी धनुष्यासारखी वाकते आणि माणसाला वर फेकते. मात्र ती उडणाऱ्याच्या वजनाला जुळावी लागते. जड माणसाची काठी हलक्याच्या हाती दिली तर ती वाकतच नाही, खांबासारखी उभी राहते.

ही काठी त्याला एका परदेशी खेळाडूनं दिली होती. मुंबईच्या स्पर्धेनंतर ती विमानानं परत न्यायचा खर्च ऐकून तो माणूस वैतागला आणि समोर उभ्या असलेल्या लहानूच्या हातात काठी देऊन चालता झाला. अंगानं तोही लहानूसारखाच काटकुळा होता, हे लहानूचं नशीब. त्या घरात फक्त लहानूची म्हणावी अशी ही एकच वस्तू होती.

आता दिल्लीत भारताच्या संघासाठी निवड चाचणी होती. बांबू असता तर रेल्वेच्या खिडक्यांच्या गजांना बाहेरून बांधून नेला असता. आजवर तो तसाच फिरला होता. पण फायबरची काठी तशी न्यायची त्याची छाती होईना. शेवटी खेळाच्या संघटनेच्या एका हौशी शेठजींनी जाण्यापुरतं विमानाचं तिकीट काढून दिलं. विमान कंपनीनं मात्र सांगितलं, काठी सामानात टाकू, पण मोडली तर आम्ही जबाबदार नाही. म्हणून नत्थूजींना बोलावणं गेलं होतं.

“नाव कोणाचं टाकू?” नत्थूजींनी विचारलं.

“दादाचं.”

खाटेवर बसलेला थोरला भाऊ बळीराम म्हणाला, “अरे, काठी तुही हाय. तुहंच नाव टाक ना.”

“तुमी असतांना माझं नाव? बरं दिसते का ते, दादा?”

त्या घरात तशीच रीत होती. रेशनकार्ड, विजेचं मीटर, घराचा कर, सगळं बळीरामच्या नावानं. थोरला जिवंत असताना धाकट्यानं एखाद्या वस्तूवर आपलं नाव चढवलं, तर तो वाटणी मागतो आहे असंच लोक समजत. शिवाय बाप गेला तेव्हा लहानू जेमतेम चालायला लागला होता. त्याला वाढवलं बळीरामनंच. उडीसाठीचा पहिला बांबूही त्यानंच खांद्यावरून आणून दिला होता. बळीराम धान्यबाजारात मापारी होता. पोतं त्यानं मोजलं की दुसऱ्यांदा मोजायची गरज नाही, असं कुही-सावनेरचे शेतकरी म्हणत. अशा भावाच्या नावानं विमा करताना लहानूला उलट अभिमानच वाटला.

नत्थूजी गेल्यावर कौशल्यानं त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

“तुमच्या नावानं काहून नाही केलं?”

“काहून वं? दादा का परका हाय?”

तिनं जुन्या लुगड्याची खोळ शिवून काठीवर चढवली आणि दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ ती खांद्यावर घेऊन सोनेगावच्या विमानतळापर्यंत पायी गेले.

दिल्लीला काठी उतरली ती दोन तुकड्यांत. खोळीला साधा ओरखडाही नव्हता, पण उचलली तर मधूनच लोंबली. सामान उतरवणारा म्हणाला, ऐसेही आया था. मैदानावर दुसऱ्या कोणाची काठी लहानूच्या वजनाला जुळेना. निवड चाचणी त्यानं गवतावर बसून पाहिली आणि मोडके तुकडे विम्यासाठी लागतील म्हणून ते उराशी धरून रेल्वेनं परत आला.

नागपूर स्टेशनावर बळीराम उभा होता. त्याला पाहताच लहानूचा बांध फुटला. एवढा बाप्या माणूस, फलाटावर लहान पोरासारखा रडला.

“रडू नको गा,” बळीराम त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला. “विमा हाय ना! नवी आणू. पुढच्या साली जाशील. मी बसलो हावो ना!”

लहानूला अठ्ठाविसावं लागलं होतं. पुढची चाचणी ही त्याची शेवटची संधी होती. त्यानंतर त्याला कोणी बोलावणार नव्हतं, आणि हे त्याच्याइतकंच बळीरामलाही ठाऊक होतं.

विमा कंपनीचा माणूस येऊन तुकडे पाहून गेला, नत्थूजींनी खेटे घातले आणि दिवाळीनंतर दावा मंजूर होऊन पैसे बळीरामच्या नावानं आले. जालंधरचा एक व्यापारी बाहेरून काठी मागवून द्यायला तयार झाला. त्याला उडणाऱ्याचं वजन हवं होतं. ‘वजन’ म्हटल्यावर बळीराम खुलला. त्यानं लहानूला बाजारात नेलं आणि पोत्यांच्या काट्यावर उभं केलं. बरोबर बळीरामचा मुलगा ओमप्रकाश होता. कॉलेजात जाणारा, आडव्या बांध्याचा, काकाच्या हाताखाली बांबूवर उड्या शिकत असलेला. बळीरामनं त्यालाही काट्यावर चढवलं.

“हा तं भरलेलं पोतं हाय,” हमाल हसले. “आन् लहानू, तू का रिकामा बारदाना?”

लहानूही हसला. “दादा, बरोबर कळवजा बरं वजन.”

“मले शिकवतं का रे?” बळीराम म्हणाला.

पुढचे महिने लहानूनं जीव ओतून मेहनत केली. सकाळचं पाणी सोडलं की तो तळ्याला पळत फेऱ्या मारी. संध्याकाळी लिंबाच्या फांदीला लोंबकळून पाय वर न्यायचा सराव करी. आळीतल्या बायका म्हणत, हा नळवाला वेडा झाला. कौशल्या आपल्या वाटणीचं दूध त्याच्या पेल्यात ओतायची आणि विचारलं तर मला वास येतो म्हणून सांगायची.

काठी आली त्या दिवशी वहिनीनं, जिजाबाईनं, तिला कुंकू लावलं. काठीवर उडणाऱ्याचं वजन पौंडांत लिहिलेलं एक लेबल होतं. पण लहानूनं ते वाचायची तसदी घेतली नाही. दादानं आणलेली वस्तू तपासून घ्यायची असते, हे त्याच्या डोक्यातही आलं नसतं.

मैदानावर अर्धी आळी जमली. लहानू धावला, काठी जमिनीत पुरलेल्या पेटीत रोवली आणि उडाला. काठी वाकलीच नाही. ती ताठ उभी राहिली, तिनं क्षणभर त्याला हवेत टांगून ठेवलं आणि आला तसा मागे टाकून दिला. तो धावपट्टीवर पाठीवर आपटला. लोक हळहळले. सवय मोडली असेल, कोणी म्हणालं. तो पुन्हा धावला. काठीवरची पकड खाली घेऊन पाहिली, जोर वाढवून पाहिला. काठीनं दर वेळी त्याला तसंच परत केलं. शेवटी त्याच्या कोपरातून रक्त यायला लागलं.

“काका, मी पाहू का करून?” ओमप्रकाश म्हणाला.

पोरगा धावला. त्याला धड पद्धत येत नव्हती, पाय अजून चुकत होते, तरी काठी त्याच्याखाली कमानीसारखी वाकली आणि तिनं त्याला आडव्या पट्टीवरून पार पलीकडे वाळूत फेकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओमप्रकाश वाळू झटकत हसत उठला. त्याला काहीच माहीत नव्हतं. लहानूनं बळीरामकडे पाहिलं. बळीराम जमिनीकडे पाहत होता.

लहानूला सगळं कळलं. बाजारभर ज्याच्या काट्याला कोणी बोट लावत नव्हतं, त्या माणसानं आयुष्यात एकदाच चुकीचं वजन कळवलं होतं, आणि तेही लहानूच्या वेळी.

घरी आल्यावर बळीराम खाटेवर बसला. लहानू उभाच राहिला.

“दादा, माझं वजन नाही कळवलं ना?”

बळीराम म्हणाला, “तुहं वय झालं गा. एक साल उडशील, मंग? पोट्ट्याच्या समोर सारी जिंदगी हाय. खेळावर रेल्वेत लागला तं घर उभं राहीन. विमा एकदाच भेटते, काठी एकच येते.”

“मंग मले मागाची होती, दादा.”

“काय मागू?”

“काठी! मागतली असती तं देली असती ना दादा! कधी नाही म्हटलं का मी तुमाले?”

“मालूम होतं मले,” बळीराम हळूच म्हणाला. “तू देशीन, हे मालूम होतं.”

“मंग काहून नाही मागतली, दादा?”

“लहान्या भावापुढं हात पसरू? या उमरीत?”

बळीराम वाईट माणूस होता असं म्हणायला जीभ वळत नाही. धाकट्यासाठी त्यानं खाल्लेल्या खस्ता सगळ्या सक्करदऱ्यानं पाहिल्या होत्या. पण त्याला मागायची लाज वाटली आणि फसवायची वाटली नाही. वजन कळवल्यापासून तो रोज सकाळी लहानूला तळ्याभोवती पळताना पाहत होता. घामानं निथळत परत आलेल्या भावाला शाबास म्हणत होता. लहानूला काठीपेक्षा ती शाबासकीच जास्त लागली. त्या रात्री तो न जेवताच ताटावरून उठला. कौशल्यानं ‘मी म्हटलं होतं’ असं एका शब्दानं म्हटलं नाही, म्हणून तर त्याला आणखीच रडू आलं.

चाचणीला तो गेला नाही. नव्या काठीला हातही लावला नाही. पण दोन दिवसांनी ओमप्रकाश दारात मान खाली घालून उभा राहिला. बापाचे प्रताप त्याला आईकडून कळले होते.

“काका, मी नाही उडत आता.”

“काहून? तुहा का दोष त्याच्यात?” लहानूनं चप्पल पायात घातली. “चाल. पाय लय चुकते तुहा.”

त्यानं पोराला खरोखर मन लावून शिकवलं. धाव मोजून दिली, हाताची पकड सुधारली, अंग कुठं वळवायचं ते दाखवताना स्वतः वाळूत लोळला. मैदानाकडे फिरकायचं बळीराम टाळायचा. एकदा मात्र संध्याकाळी तो आला आणि कडेला उभा राहिला. त्या दिवशी ओमप्रकाशनं पट्टी ठेवली होती ती काकाच्या सर्वांत मोठ्या उडीहूनही वर. तो धावला, काठी वाकली आणि पट्टीला अंगाचा स्पर्शही न होऊ देता तो पलीकडे गेला.

बळीरामला राहवेना. तो लगबगीनं पुढे आला. डोळे भरले होते.

“पाहिलं का गा लहानू? पाहिलं?”

“पाहिलं,” लहानू म्हणाला.

बळीराम तसाच उभा राहिला. जन्मात लहानूचं एकही उत्तर ‘दादा’ म्हटल्याशिवाय संपलं नव्हतं, आणि तो त्या शब्दाची वाट पाहत होता. लहानूनं फावडं उचललं आणि पोराच्या पडण्यानं झालेला वाळूतला खड्डा सारखा करू लागला.