ऐकू येत असेल तर

सामना सुरू होण्याआधी विल्मा कोव्हाचबाई दर वेळी एकच वाक्य बोलत. स्टोनी फोर्क कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानाच्या माथ्यावर, काचेच्या एका अरुंद खोलीत त्यांची खुर्ची होती. समोर एक पेटी आणि पेटीवर एक खटका. चाचणीचा माइक पेटीला जोडून त्या म्हणत, "ऐकू येत असेल तर हात डोक्यावर ठेव." क्वार्टरबॅकच्या, म्हणजे संघाची खेळी चालवणाऱ्या गड्याच्या, हेल्मेटात बसवलेल्या इवल्याशा स्पीकरमधून ते शब्द खाली त्याच्या कानात पोचत. तो हात हेल्मेटवर ठेवी आणि वर बघे. मग त्या म्हणत, "ठीक, खाली घे." हात खाली आला की त्या माइकची वायर काढून स्वेटरच्या खिशात टाकत. सामना सुरू झाल्यावर त्या कानात कोचशिवाय कोणाचाही आवाज जाता कामा नये, हा लीगचा सक्त नियम होता.

ट्रेंट हुडाक हा यंदाचा क्वार्टरबॅक मोठा खोडकर. 'खाली घे' ऐकू येईपर्यंत तो पुतळ्यासारखा उभा राही. आजूबाजूच्या पोरांनी ढकललं, गुदगुल्या केल्या तरी हलत नसे. विल्माबाईही कधी कधी मुद्दाम उशीर करत. त्या शनिवारीही त्यांनी त्याला बराच वेळ तसाच उभा ठेवला, आणि शेजारी घड्याळ सांभाळणारा रस टकाच हा कोलबासी सॉसेजचा पाव खाता खाता हसला.

काम तसं सोपं होतं. एक खेळी संपली की विल्माबाई खटका वर करत. शेजारच्या खोलीतून कोच लू पेट्राकिस पुढची खेळी ट्रेंटच्या कानात सांगे. मैदानावरचं मोठं घड्याळ उलटं मोजत पंधरा सेकंदांवर आलं की त्या खटका खाली पाडत. तिथून पुढे पोरगा एकटा. त्याने बघायचं, त्याने ठरवायचं. पेट्राकिसचं बोलणं अर्ध्यात तुटलं तरी खटका पडायचा. दोन्ही खोल्यांमध्ये नुसती काच होती, आणि सामन्याआधी तो काचेच्या फटीतून दर वेळी तेच म्हणे, "विल्मा, आज तरी माझं वाक्य पुरं होऊ दे. घरी बायको होऊ देत नाही, इथे तू."

"तिच्या हातात खटका असता ना लू, तर तिने सकाळीच पाडला असता."

या यंत्रात एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. त्या कानात बोलता येई, पण तिकडून उत्तर येत नसे. हेल्मेटात माइक नव्हता. ऐकू आलं नाही तर क्वार्टरबॅक हेल्मेटच्या कानापाशी बोटांनी टकटक करी. त्या खुणेचा या मैदानावर एकच अर्थ होता. रेडिओ बंद पडला.

नदीवरून वारा सुटला होता. आभाळ राखेच्या रंगाचं, आणि जमीन रात्रीपासून गोठलेली. मध्यंतराच्या थोडं आधी ट्रेंटने एक लांब चेंडू फेकला. चेंडू हातातून सुटला तशी सगळ्या मैदानाची मान त्याच्यामागे वळली. तो पलीकडे अचूक झेलला गेला आणि लोक बाकांवर उभे राहून ओरडले. विल्माबाईंची नजर तेवढी मागे राहिली होती. चेंडू गेल्यानंतर समोरच्या, ओहायोच्या संघातला एक धिप्पाड गडी ट्रेंटवर आदळला. ट्रेंट पाठीवर पडला आणि त्याचं डोकं जमिनीवरून एकदा उसळलं. तो गुडघ्यावर उठला. तळहाताने गवत चाचपू लागला, अंधारात कोणी चष्मा शोधावा तसं. तेवढ्यात जोडीदार धावत आले, त्यांनी त्याला उभा केला आणि आनंदाने त्याच्या हेल्मेटवर थापा मारल्या. विल्माबाईंनी कॉफीचा पेला हातात घेतला, पण तो तसाच निवत राहिला.

मध्यंतरानंतर पेट्राकिसने पहिली खेळी सांगितली. "ट्रेंट, तिघे उजवीकडे, झेब्रा बावीस, दोनावर." विल्माबाईंच्या कानात घातलेल्या इअरफोनच्या बोंडातून प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला. पेटीवरचा हिरवा दिवा लागलेला होता. खाली ट्रेंटने पेट्राकिसच्या खिडकीकडे तोंड केलं आणि कानापाशी टकटक केली.

हेल्मेटातला स्पीकर गेला असेल, असं विल्माबाईंना वाटलं. रसने खाली फोन केला. कडेला उभ्या असलेल्या सामानवाल्याने ट्रेंटला बोलावून राखीव हेल्मेट चढवलं. संघाचा डॉक्टर तिथेच होता. त्यानेही वाकून ट्रेंटला काय झालं म्हणून विचारलं. ट्रेंट म्हणाला, ऐकू येत नाही. हे ऐकल्याबरोबर सगळे जण काढलेल्या हेल्मेटाभोवती जमले. कोणी आतली गादी उचलून पाहिली, कोणी बॅटरी दाबून पाहिली. ट्रेंट त्यांच्या मागे हात लोंबते सोडून उभा होता.

नवं हेल्मेट घालून तो आत गेला. पेट्राकिसने खेळी सांगितली आणि ट्रेंटने पुन्हा टकटक केली.

"दोन्ही हेल्मेटं एकदमच बंद?" विल्माबाई म्हणाल्या.

थंडीने होतं असं, रस म्हणाला. त्याच्या गाडीचंही सकाळी तेच झालं होतं. विल्माबाईंना ते पटलं. त्यांनी पेटीमागची वायर काढून पुन्हा घट्ट बसवली. तेवढ्यात खेळी सुरू झाली. जोडीदारांनी आपापसांतच काहीतरी ठरवलं असावं. चेंडू ट्रेंटच्या हातात आला, तो वळला आणि त्याने चेंडू पुढे केला. त्या बाजूला कोणीच नव्हतं. चेंडू गवतावर पडला, वर गडी कोसळले, आणि त्या ढिगाऱ्यात ट्रेंटसुद्धा होता. तो उठला खरा, पण दोन पावलं ओहायोवाल्यांच्या घोळक्यातच चालत गेला. त्यांच्यातल्या एकाने हसत त्याला खांद्याला धरून वळवलं.

आता ओहायोचा कोच तावातावाने मैदानात आला. ही दमलेल्या पोरांना उसंत मिळवून देण्याची लबाडी आहे, रेडिओला काही धाड भरलेली नाही, असं त्याचं म्हणणं होतं. फोन वाजला. मुख्य पंच डन्लॅप बोलत होता. मागे लोकांचा कल्ला चालला होता.

"बाई, रेडिओ चालू आहे की बंद, एवढंच सांगा."

"चालू आहे. पण डन्लॅप, त्या पोराला नीट विचारा."

"विचारलं. ऐकू येत नाही म्हणतो, बाकी काही दुखत नाही म्हणतो. म्हणजे एक तर तुमची पेटी खोटं बोलते, नाहीतर तो. खेळ चालू."

फोन बंद झाला. डन्लॅप वाईट माणूस नव्हता. त्याच्यापुढे दोनच रस्ते होते आणि त्याने त्यांतला एक निवडला. विल्माबाईंनी हिरव्या दिव्याकडे पाहिलं. मग त्यांना त्यांच्या नवऱ्याचा टीव्ही आठवला. वारण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात स्टीव्ह रोज टीव्हीचा आवाज वाढवत होता. काही ऐकू येत नाही, म्हणत होता. त्यांनी दुकानातून माणूस बोलावून टीव्ही दुरुस्त करून घेतला होता.

खेळ पुन्हा सुरू करायची शिट्टी झाली. त्यांनी खटका वर केला. पेट्राकिस आता ओरडत होता. "ट्रेंट. बाळा, ऐक. तिघे उजवीकडे. तिघे. उजवीकडे." विल्माबाईंनी चेंडूकडे पाहिलं नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. त्यांनी फक्त ट्रेंटच्या खांद्यांकडे पाहिलं. पेट्राकिसच्या प्रत्येक ओरडण्याबरोबर ते खांदे किंचित वर उचलले जात होते. छडी दिसली की मूल आक्रसतं तसे.

ऐकू येत होतं. सगळं ऐकू येत होतं. आत जाऊन त्याचे शब्द होत नव्हते. आणि या मैदानावर त्यासाठी वेगळी खूण कोणी ठरवलीच नव्हती, म्हणून ते पोर आपल्याला ठाऊक असलेली एकुलती खूण पुनःपुन्हा करत होतं.

समोर ओहायोचे गडी ओळीत वाकून बसले होते. मघाचा तो धिप्पाड गडी अगदी मधोमध होता आणि बोटं जमिनीत रुतवून ट्रेंटकडे बघत होता. अजून एक आपट बसली, तर काय होईल ते डॉक्टर नसलेल्या माणसालाही कळलं असतं.

विल्माबाईंनी खिशातून चाचणीच्या माइकची वायर काढली.

"विल्मा," रस हळूच म्हणाला, "पुन्हा या खुर्चीत बसू देणार नाहीत तुला."

त्यांनी वायर पेटीत खोचली. त्याबरोबर पेट्राकिसचा आवाज तुटला. काचेपलीकडे त्याने गर्रकन मान वळवली. विल्माबाई नेहमीच्याच आवाजात, जराही घाई न करता म्हणाल्या, "ऐकू येत असेल तर हात डोक्यावर ठेव."

क्षणभर काहीच झालं नाही. मग ट्रेंटचा उजवा हात वर आला आणि हेल्मेटवर टेकला. त्याने मान उचलून त्यांच्या खिडकीकडे पाहिलं.

घड्याळ पंधराच्या खाली गेलं. विल्माबाईंनी खटका पाडला नाही. ट्रेंटच्या जोडीदारांनी त्याला हाका मारल्या, चेंडू मागायला सांगितलं. तो हात डोक्यावर ठेवून उभा होता. लोकांमध्ये थोडा हशा उठला. कोणीतरी शिट्टी मारली. घड्याळ शून्यावर आलं, उशीर केल्याबद्दल डन्लॅपने दंडाचा पिवळा रुमाल टाकला, आणि तरी तो हात तसाच. मग हशा विरत गेला. बाकांची एक रांग गप्प झाली, मग दुसरी, आणि शेवटी एवढ्या मोठ्या मैदानावर फक्त झेंड्याच्या दोरीचा खांबावर आपटण्याचा आवाज उरला.

डन्लॅप त्याच्यापाशी गेला. त्याने ट्रेंटचं मनगट धरून हात खाली घ्यायचा प्रयत्न केला, पण हात खाली येईना. तेव्हा ट्रेंट काय म्हणाला ते डन्लॅपने नंतर पुष्कळ जणांना सांगितलं आणि सांगताना दर वेळी तो आपल्या बुटांकडे बघे. ट्रेंट म्हणाला होता, "बाईंनी अजून सांगितलं नाही."

वर विल्माबाईंना त्यातलं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यांना फक्त वर धरलेला हात दिसत होता. तो कशासाठी थांबला आहे, हे ध्यानात यायला त्यांना एक श्वास लागला. खाली डॉक्टर धावत निघाला होता. तो ट्रेंटपाशी पोचेपर्यंत त्या थांबल्या.

"ठीक, ट्रेंट," त्या म्हणाल्या. "खाली घे."

हात खाली आला. ट्रेंट गवतावर बसला आणि खेळून दमलेलं पोर कलंडतं तसा हळूच कुशीवर झाला. डॉक्टरने गुडघे टेकले, हेल्मेट अलगद सोडवून बाजूला ठेवलं आणि त्याच्या पापण्या एकेक करून उघडून पाहिल्या. एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा बरीच मोठी झाली होती. डॉक्टर स्ट्रेचरसाठी ओरडला.

विल्माबाईंनी वायर उपसून काढली. त्याबरोबर कानातल्या बोंडात पेट्राकिसचा आवाज परत आला. काचेपलीकडची खुर्ची रिकामी होती. तो जिना उतरत होता. धाप लागलेली, आणि कानावरचा माइक काढायचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ट्रेंट, मी येतोय. पडून राहा. काही करायचं नाही आता. मी येतोय, बाळा."

हेल्मेट चुन्याच्या पांढऱ्या रेषेवर उपडं पडलं होतं. स्ट्रेचरवाले त्याच्या शेजारून धावत गेले. रसने विल्माबाईंच्या दंडाला हात लावला आणि शून्यावर थांबलेल्या घड्याळाकडे बोट दाखवलं. विल्माबाईंचं बोट खटक्यावर होतं. त्यांनी तो पाडला नाही.