खाज गेली तेव्हा

रोपवाटिकेत माळ्याला सगळे 'खाजव्या' म्हणायचे. तोंडावर. हातातलं खुरपं सुटलं की त्याची नखं पोटावर, कमरेवर फिरायचीच. नाल्याचा गाळ मिसळलेल्या ओल्या मातीत तो वर्षानुवर्षं अनवाणी राबला होता. मालकाला त्याच्यासाठी बूट कधी सुचले नाहीत. गिऱ्हाइकांना किळस येते, एवढं मात्र सुचलं.

"अरे, लोक गुलाब बघायला येतात, तुझा नाच बघायला नाही." त्यानं स्वतःच्या दम्याच्या गोळ्या खिशातून काढून दिल्या. "माझ्या छातीला चालतात, तुझ्या खाजेलाही चालतील. ॲलर्जीच ना शेवटी! नाही थांबलं, तर उद्यापासून येऊ नकोस."

थांबलं. माळ्याची बायको हरखली. "अहो, आज चादरीवर रक्ताचा एक डाग नाही!"

मालक गोळ्या देत राहिला, उपकार केल्यासारखा. मग माळ्याचं पोट फुगलं, अन्न ठरेना, ताप चढला, धाप लागली. शेजाऱ्यांनी उचलून दवाखान्यात नेला.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि बायकोच्या पिशवीतल्या गोळ्या हातात घेतल्या.

"या कुणी दिल्या?"

"मालकांनी. देवमाणूस हो."

"ताई, यांच्या आतड्यात जंत आहेत. मातीतून, तळपायातून शिरलेले. एखाद्याचं अंग धुळीशी उगाच भांडतं, त्याला ॲलर्जी म्हणतात. यांचं अंग तशाच हत्यारांनी खऱ्या शत्रूशी भांडत होतं. खाज ही त्याच भांडणाची. या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी लढणाऱ्याचेच हात बांधले. जंत माजले, अंगभर पसरले."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आम्ही."

"तुम्ही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी जंतांचं औषध सुरू केलं, त्या गोळ्या हळूहळू कमी करत नेल्या. "अंगात झुंजायची ताकद परतली, तर पुन्हा खाजवतील. तेवढी वाट बघा."

बायको वाट बघत बसली. जन्मभर या माणसाच्या हातावर चापट्या मारत आली होती, "आवरा ती नखं!" म्हणून. आता डोळ्यात तेल घालून त्याच नखांकडे बघत होती.

मालक भेटायला आला, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून. "वहिनी, खाज तरी गेली ना?"

बायकोनं त्याच्या बुटांकडे पाहिलं. "गेली. आणि तुमचे पाय छान कोरडे आहेत हो, दादा."

तो बाहेर पडला.

तिनं नवऱ्याचा हात उचलून त्याच्या पोटावर ठेवला. बोटं वाकवून दिली. "खाजवा हो. मी काही बोलणार नाही. रक्त येईपर्यंत खाजवा."

हात घसरून खाली आला. तिनं परत ठेवला. परत घसरला. मग डॉक्टरीणबाईंनी तिचाच हात धरला आणि नकारार्थी मान हलवली.

त्याला नेल्यावर आयानं पलंगावरची चादर ओढून काढली, उलटीपालटी करून पाहिली. पांढरी स्वच्छ होती. कुठे एक डाग नव्हता.