वास बघा हो जरा

गरम तेलात हिंग पडला. दुर्गाबाईंनी एका हाताने पदर नाकावर दाबला, दुसऱ्या हाताने कढीपत्ता टाकला आणि आलेली ओकारी गिळली. गेले दोन महिने हे असंच चाललं होतं. तापाने दहा दिवस अंथरुणात घातलं, आणि जाताना तो मेला नाक नासवून गेला. फोडणीला मेलेल्या उंदराचा वास, कोथिंबिरीला ढेकणाचा, चहाला तुंबलेल्या गटाराचा. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू ताळ्यावर, नाहीतर नाही. एवढं ऐकायला दुर्गाबाई अर्धा दिवस बाकावर बसल्या होत्या.

त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? मंदाकिनीकाकूंच्या घरात देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्नाचा कण जिभेवर ठेवायचा नाही, असा नियम. चाखून मीठ बघायची सोयच नाही. बिबवेवाडीहून रोज येऊन एकवीस वर्षं दुर्गाबाई इथला स्वयंपाक निव्वळ नाकाने करत आल्या होत्या. आमटीच्या वाफेवरून त्यांना मीठ कळायचं. पाकिटातले मसाले ओतणाऱ्या बायकांचा त्यांना मनस्वी तिटकारा. ‘रंगवलेला भुसा नुसता!’ म्हणायच्या. घरात दुधाची शंका येवो की पिठाची, काकूंचं एकच वाक्य ठरलेलं: ‘दुर्गाबाई, वास बघा हो जरा.’ या वाक्याचा त्यांना पगारापेक्षा जास्त माज होता, आणि तो खोटा नव्हता.

आता सगळंच घाण लागतंय म्हटल्यावर त्या सगळ्यालाच ‘टाका’ म्हणू लागल्या. सायीचं दही गेलं, आमरस गेला, सकाळची चांगली कणीक गेली. काल श्यामसुंदरकाका पेपरातून डोकं न काढता बायकोला म्हणाले होते, “हल्ली या घरात केराची बादली आपल्यापेक्षा बरं जेवते.” ते दुर्गाबाईंना घरी जाईपर्यंत टोचत राहिलं.

आज काकू पातेलं घेऊन ओट्यापाशी आल्या. आत सोललेल्या डाळिंब्या होत्या. मोड आणलेल्या वालांची उसळ म्हणजे काकांचा जीव की प्राण.

“रात्री फ्रिजमध्ये ठेवायच्या राहिल्या हो. उकाडा हा असा. वास बघा जरा, चालतील का?”

दुर्गाबाईंनी पातेलं नाकाशी नेलं. सडका वास आला. पण तसा तर तो मघाशी तुपालाही आला होता, आणि देवापुढच्या मोगऱ्यालाही. बाहेरच्या खोलीत पेपरचं पान उलटलं गेलं.

“चांगल्या हायेत,” त्या म्हणाल्या.

“नक्की ना?”

“एकवीस वर्षांत कधी चुकले का मी काकू?”

उसळ झाली, गूळ-खोबरं पडलं, नैवेद्य दाखवला गेला. काकांनी पहिला घास घेतला, चघळता चघळता थांबले आणि तो तसाच ताटाच्या कडेला काढून ठेवला. मग खळखळून चूळ भरून आले.

“अगं, आधी देवाचं पोट बरं आहे का बघ,” ते म्हणाले. “त्याने आपल्याआधी खाल्लंय हे.”

काकूंनी वाटी नाकाशी नेली आणि लगेच दूर सारली. तेव्हा मात्र दुर्गाबाईंनी सगळं सांगून टाकलं. ताप, उंदीर, गटार, डॉक्टर. काकू ऐकत होत्या. उसळीकडे बघताना त्यांचं नाक जसं आक्रसलं होतं तसंच ते अजून होतं, आणि आता त्या दुर्गाबाईंकडे बघत होत्या.

“म्हणजे दोन महिने आमच्या पानात काय पडत होतं, ते तुम्हालाही माहीत नव्हतं.”

दुर्गाबाईंना स्वतःची किळस आली. दोन महिन्यांतल्या सगळ्या वासांहून ती वाईट होती.

काकूंनी त्यांना काढलं नाही. तशा त्या वाईट नव्हत्या. “पोळ्या तेवढ्या करा तुम्ही,” म्हणाल्या. भाजी-आमटीला यवतमाळकडची नम्रता येऊ लागली. पोरगी चुणचुणीत, पण मोहरी तडतडायच्या आतच हळद टाकून मोकळी व्हायची. दुर्गाबाईंना ते आवाजावरूनच कळायचं. त्या नाकाला पदर बांधून पोळ्या लाटत राहायच्या.

गुरुवारी नम्रताने फ्रिजमध्ये मागे विसरलेला मटकीच्या उसळीचा डबा उघडला.

“मावशी, वास पाहा ना याचा. खराब झालं का? मला तर सर्दीनं काहीच समजून नाही राहिलं.”

“त्यांना नको विचारूस!” बाहेरून काकूंचा आवाज आला. “तुझं तू बघ.”

लाटणं क्षणभर थांबलं. दुर्गाबाईंनी तव्यावरची पोळी उलटली, ती टम्म फुगली. मान वर न करता त्या हळूच म्हणाल्या, “चमच्यानं उचलून बघ. तार सुटली तर टाक.”

नम्रताने चमचा वर उचलला. मटकीबरोबर पांढरट, चिकट तार वीतभर वर आली. तिने तोंड वाकडं करून डबा केराच्या बादलीत पालथा केला.

“काय गं, टाकलीस का?” काकूंनी विचारलं. “वास आला ना?”

नम्रताने दुर्गाबाईंकडे पाहिलं, मग दाराकडे.

“हो काकू, आला.”

“बघा,” काकू काकांना म्हणत होत्या, “नाक चांगलं आहे हो मुलीचं.”

दुर्गाबाईंनी सुटलेला पदर पुन्हा नाकावर बांधला आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.