मालकांचे किलोमीटर

मित्रांनो, मी सायकलच्या हँडलवर बसणारा एक जुना मीटर आहे आणि मी आयुष्यात कधीही खोटं बोललो नाही. मला तेवढी अक्कलच नाही. पुढच्या चाकाच्या स्पोकला एक लोहचुंबक बांधलेलं असतं. ते माझ्या तारेजवळून गेलं की मी एक फेरा मोजतो. चाक रस्त्यावर आहे की हवेत, हे मला कळत नाही.

मालकांना हे लवकरच कळलं.

आमचे मालक चष्म्याचं दुकान चालवत. छातीत कळ येऊन गेली, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, रोज सायकल चालवा, नाहीतर हे हृदय फार दिवस साथ देणार नाही. मालकीणबाई घाबरल्या. सायकल आली, तिच्यावर मी आलो. पहिल्याच सकाळी मालक चढावर अर्ध्यात उतरले आणि सायकल ढकलू लागले. समोरून एक गिऱ्हाईक आलं. म्हणालं, "कोण कोणाला फिरवतंय?"

मालकांनी पुन्हा रस्त्याचं तोंड पाहिलं नाही.

इमारतीच्या तळाशी सायकली ठेवायची खोली होती. आतून कडी लावून मालक सायकल उलटी करत, स्टुलावर बसत आणि पेपर वाचता वाचता पायाच्या अंगठ्याने चाक फिरवत. मी खाली डोकं वर पाय करून इमानेइतबारे किलोमीटर मोजायचो. मग मला घरी नेत. मालकीणबाई माझा आकडा पाहायच्या आणि मला मऊ फडक्याने पुसायच्या. माझ्या आयुष्यातला तो वैभवाचा काळ.

एके दिवशी मालकीणबाईंचा भाऊ आला. त्याने टायरवरून बोट फिरवलं.

"भाऊजी, एवढी सायकल चालवता आणि टायरला धूळ नाही?"

"मी जपून चालवतो."

"ताई, यांच्या फोनमध्ये नकाशाची सोय करून देतो. हे कुठे फिरतात ते तुला घरबसल्या दिसेल."

"दिसू दे. तुझ्या भाऊजींपेक्षा ते चाक बरं, निदान फिरतं तरी. आणि या डबड्याचं आता काय काम?"

डबडं म्हणजे मी. टाकून द्यायचाही सगळ्यांना कंटाळा आला, म्हणून मी हँडलवरच राहिलो.

फोन माझ्यापेक्षा फार हुशार. त्याला अंगठ्याने फसवता येत नाही. आपण रस्त्यावर आहोत, हे त्याला बरोबर कळतं. सायकल कोणाची आहे, ते मात्र कळत नाही.

मालकांना हेही लवकरच कळलं.

रोज सकाळी एक पाववाला सायकलवरून पाव पोचवायला यायचा. त्याच्या चष्म्याची काडी सारखी निखळायची. ती फुकट बसवून द्यायच्या बोलीवर मालक आपला फोन त्याच्या टोपलीत ठेवू लागले आणि स्वतः खालच्या खोलीत कडी लावून निवांत पेपर वाचू लागले.

"धक्का लागू देऊ नकोस."

"साहेब, मी पावालासुद्धा लागू देत नाही."

वर मालकीणबाई चहा पीत आपल्या फोनवरचा सरकता ठिपका बघायच्या. "आज चढ एका दमात चढले," असं भावाला कळवायच्या. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याकडे इतक्या कौतुकाने पाहिलं नव्हतं. ठिपका दिसायलाही बारीक होता.

एका सकाळी खालच्या खोलीत मालकांच्या हातून पेपर गळून पडला. त्यांना दरदरून घाम फुटला. एका हाताने छाती धरून त्यांनी दुसऱ्या हाताने खिसा चाचपला. फोन त्या वेळी चढावर होता. कडीकडे जाता जाता ते सायकलवर कोसळले. चाक जरासं हललं आणि थांबलं. माझ्या पडद्यावर शून्य होतं. त्या सकाळचा खरा आकडा तेवढा माझ्याकडे होता, आणि बघायला कोणी नव्हतं.

ठिपका काही थांबेना, तेव्हा मालकीणबाईंनी फोन लावला.

"अहो, पुरे आता. घरी या."

"बाई, मी पाववाला बोलतोय. साहेब खालच्या खोलीतच असतात. मघाशी फोन द्यायला आलो, दार वाजवलं, उघडलं नाही. म्हटलं डोळा लागला असेल. म्हणून पुढची फेरी करून घेतली."

कडी तोडावी लागली.

संध्याकाळी घरात माणसं जमलेली असताना मालकांचा फोन वाजला. आजची फेरी ही आपली आजवरची सर्वांत मोठी फेरी, अभिनंदन, असं त्यावर लिहून आलं होतं.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची निगा राखा. पडदा पुसा, बॅटरी वेळेवर बदला. आणि जमलं तर अधूनमधून माणसाकडेही पाहा. निदान त्याच्या टायरकडे.

सायकल पाववाल्याने घेतली. मला त्याने काढून ठेवलं. रस्ता किती आहे ते त्याला माहीत आहे.